'ऑफ' सिग्नलला 'बंद' म्हणायचं का?

अनुवादिका_बाई
एका निवृत्त लोको पायलटच्या इंग्रजी आठवणी मराठीत आणतेय. लेखक माझे मामाच, त्यामुळे विचारायची सोय आहे आणि तीच अडचणही आहे. वाक्य असं: 'द कॉलिंग-ऑन वॉज ऑफ, सो वी ड्रू इन बिहाइंड द ट्रेन ॲट द प्लॅटफॉर्म.' (कॉलिंग-ऑन म्हणजे थांबलेल्या गाडीला हळू आत बोलावणारा सिग्नल.) मी लिहिलं, "पाचारण सिग्नल बंद होता, म्हणून आम्ही व्याप्त फलाटावर शिरलो." मामांनी चष्मा काढला. म्हणाले, "अगं, सिग्नल बंद असताना आत शिरलो असतो तर पेन्शन मिळाली असती का मला?"
'ऑफ'ला काय लिहू? आणि कॉलिंग-ऑनला मराठी शब्द आहे का?

खडी_आणि_स्लीपर
मामा बरोबर. रेल्वेत 'ऑन' म्हणजे थांब आणि 'ऑफ' म्हणजे ये. घरातल्या दिव्याच्या बटणाशी त्याचा संबंध नाही. जुन्या हातवाल्या सिग्नलचा हात आडवा असला की ऑन, तारेने ओढून खाली आणला की ऑफ.
म्हणून आमच्याकडे 'सिग्नल पडला' म्हणतात. पडला म्हणजे गाडी सुटणार. तुमचं वाक्य: "कॉलिंग-ऑन पडला होता." विषय संपला.

पेठकर
विषय कसला संपला? आमच्याकडे चौकात 'सिग्नल पडला' म्हणजे लाल झाला, थांबा.

खडी_आणि_स्लीपर
चौकात लाल 'लागतो' हो. पडतो तो हिरवा.

पेठकर
आमच्या चौकात या आणि हे वाक्य मोठ्याने म्हणा.

कोशातला_किडा
हातवाले सिग्नल गेले, त्यामुळे 'पडला'चं चित्र गेलं आणि शब्द तेवढा मागे राहिला. आता ज्याला जसं वाटेल तसं तो वापरणार. बाकी 'पाचारण' मला आवडला. 'आवाहन' नको, ते मोर्च्याला करतात.

मायबोलीचा_मावळा
मुळात 'सिग्नल' तरी का? 'संकेत' आहे ना! लोहमार्ग पोलीस चालतात, मग 'पाचारण-संकेत' का नको? रुळेल हळूहळू.

घाटमाथा
आता अग्निरथगमनागमन वगैरे कुणी लिहू नका. दर धाग्यात येतं, दर वेळी लिहिणाऱ्याला ते नवीन वाटतं.
अवांतर: 'रुळणे' हा शब्दच रुळावरून आला ना? गाडी रुळावर आली की सुरळीत चालते, तसं.

कोशातला_किडा
नाही हो. 'रुळे माळ कंठीं वैजयंती' हे तुकोबांचं. पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली 1853 साली. विठोबाच्या गळ्यात माळ त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून रुळते आहे.

घाटमाथा
मान्य. पण ऐकायला माझी व्युत्पत्ती चांगली होती.

यार्डमास्तर_निवृत्त
उशिरा येतोय. दोन गोष्टी वेगळ्या करा, नाहीतर मामा पुन्हा चष्मा काढतील.
फलाटावर उभ्या गाडीला इंजिन लावायला आत आणतात ते शंटिंग. त्याला शंट सिग्नल, वेग 15 किमीच्या आत. पण मागून आलेली आख्खी गाडी त्याच रुळावर घेतली तर ते शंटिंग नव्हे. आम्ही म्हणायचो, "गाडी घेतली." त्यासाठी कॉलिंग-ऑन. मोठ्या सिग्नलच्या खाली, त्याच खांबावर, पांढऱ्या गोल पाटीवर काळा 'सी'. गाडी आधी खांबापाशी पूर्ण उभी राहिली पाहिजे, मगच तो देता येतो. अर्थ एवढाच की पुढे काहीतरी असू शकतं, डोळे उघडे ठेवून हळू ये, अडथळ्याच्या अलीकडे थांबता आलं पाहिजे. कॉलिंग-ऑन नसेल तर ड्रायव्हरच्या हातात टी-पाचशेनऊचा कागद, म्हणजे लेखी परवानगी.
आणि 'व्याप्त' काढा. मोठा सिग्नल बिघडला तरी कॉलिंग-ऑन देतात, तेव्हा फलाट मोकळाही असेल. त्यामुळे फलाट भरलेला आहे हे सिग्नलवरून कळत नाही, वाक्यात सरळ लिहा: "पुढे गाडी उभी होती."
आता 'ऑफ'. दिव्याचा कॉलिंग-ऑन एरवी विझलेला असतो. दिला की छोटा पिवळा दिवा लागतो. म्हणजे तो ऑफ असतो तेव्हाच पेटलेला असतो! 'बंद' लिहिलंत तर दोन्ही बाजूंनी चुकलात.

मायबोलीचा_मावळा
माहिती छान. पण 'शंटिंग'ला मराठी शब्द राहिलाच. 'मार्गांतरण' कसा वाटतो?

पेठकर
बदलीच्या आदेशासारखा.

सोलापुरी_चटणी
शंटिंगवरून आठवलं. कर्जतला घाट चढायला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलायचं इंजिन, लावायचे. डब्यात सगळे वडे खात असायचे, मागून हलका धक्का बसायचा आणि आजी म्हणायची, "लागलं गं बाई." आम्हा पोरांना वाटायचं, तिला काही लागलं. इंजिन 'लागतं', गाडी फलाटाला 'लागते', चौकात सिग्नल 'लागतो'. एवढं चालू क्रियापद हाताशी असताना मार्गांतरण कशाला?

टोरांटोची_मावशी
आणि मला गाडी 'लागते' ती वेगळीच. लोणावळ्यापर्यंत लिंबू हुंगत जायचे. इथे मुलाला सांगितलं, "मला गाडी लागते," तर तो किल्ली घेऊन आला.

पेठकर
हाहा. बस 'लागली' म्हणजे डेपोत उभी राहिली की पोटात ढवळलं, हा स्वतंत्र धागा होईल.

कोशातला_किडा
दोन्हींत 'चिकटणे' हाच मूळ अर्थ असावा. फलाटाला गाडी चिकटते, माणसाला प्रवास चिकटतो. दृष्ट लागते तशी.

सोलापुरी_चटणी
मग ठेच लागते, भूक लागते, नोकरी लागते?

कोशातला_किडा
नोकरी तर सगळ्यात जास्त चिकटते.

अनुवादिका_बाई
यार्डमास्तर, आभार. 'व्याप्त' काढला. मावळ्यांची माफी मागून 'पाचारण'ही काढला, 'कॉलिंग-ऑन'च ठेवला. मामांना वाचून दाखवलं, "कॉलिंग-ऑन पडला होता." ते म्हणाले, "पडला कुठला? दिव्याचा होता तो, हात नव्हताच तिथे." मग 'कॉलिंग-ऑन पेटला होता' असं वाचलं, तर मामी आतून म्हणाली, "आग लागली होती का हो? मला कधी बोलला नाहीत!"
सोमवारी मजकूर द्यायचा आहे. 'दिला होता' चालेल का?

पेठकर
चालेल. पण 'पडला'चं काय ठरलं?

खडी_आणि_स्लीपर
पडला म्हणजे सुटला.

पेठकर
थांबला.