अर्जंट!! मंडळाची ती पाण्याची चावी कोणाकडे आहे?

स्नेहल (फ्रिस्को), मंगळवार सकाळी १०:४२

नमस्कार, कोणीतरी पटकन सांगा, २०२१ च्या टेक्ससच्या फ्रीझनंतर (कडाक्याच्या थंडीत पाईप फुटले होते तेव्हा) मंडळाने ती लांब दांड्याची, रस्त्याकडेच्या मीटरपाशी पाणी बंद करायची चावी घेतली होती ती आत्ता कोणाकडे आहे?? वरच्या पॅसेजमध्ये छतातून पाणी येतंय, आधी टपटप होतं आता धार लागली. खाली परात आणि दोन बादल्या लावल्यात. घराचा मेन व्हॉल्व फिरतच नाहीये, गोल चाकाचा आहे, जाम झालाय. प्लंबर म्हणतो ३ च्या आधी नाही. हे पुण्याला गेलेत, तिकडे रात्रीचे सव्वादहा, फोन उचलत नाहीयेत.

प्रसाद (ऍलन), १०:४५

चावी स्टोरेजमध्ये असेल, मंजिरीला विचार. आणि सगळ्यांना परत एकदा विनंती, मेलच्या विषयात गावाचं नाव टाकत जा म्हणजे जवळचे लोक आधी वाचतील.

मंजिरी (प्लेनो), १०:४९

चावी स्टोरेजमध्ये नाही. सप्टेंबरमध्ये मखर परत ठेवताना मी स्वतः उभं राहून यादी केली आहे. समया २, लेझीम ३४, सतरंज्या ६, मखराचे पडदे ३, पडद्याचे दांडे ५, मोठी कढई १, वगैरे. चावी नाही. मुळात ती कार्यक्रम समितीची वस्तूच नाही, ती घ्यायचा आग्रह दिलीपकाकांचा होता त्यामुळे त्यांच्याकडेच असणार. स्नेहल, काळजी घे गं.

दिलीपकाका (अर्व्हिंग), १०:५८

चि. स्नेहल,

चावी माझ्याकडे नाही (त्याबद्दल खाली), पण आधी महत्त्वाचं. गोल चाकाचा व्हॉल्व म्हणजे गेट व्हॉल्व, तो वर्षानुवर्षं कोणी हलवत नाही आणि आत क्षार साचतो. त्याला मोठा पाना लावून जोर करू नकोस, आतली दांडी तुटली तर तो अर्धवट उघडाच राहील. आधी किंचित उलट, म्हणजे उघडायच्या दिशेला, मग घड्याळाच्या दिशेने, असं पुढेमागे पुढेमागे कर. पाच मिनिटांत हलला नाही तर सोडून दे आणि सरळ रस्त्याकडेच्या मीटरच्या डब्याकडे जा. झाकण स्क्रू ड्रायव्हरने उचकट, हातमोजे घाल, ह्या डब्यांत ब्लॅक विडो नावाचे विषारी कोळी असतात. आत चिखल असेल तर कपाने उपस. मीटरच्या रस्त्याकडच्या बाजूला एक चपटी खुंटी दिसेल, ती पाईपच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद. पाव फेराच आहे. हात पोचला तर साध्या ऍडजस्टेबल पान्याने पण फिरते, चावी हवीच असं नाही.

बंद झालं की खालच्या मजल्याचे नळ उघड आणि अंगणातला सगळ्यात खालचा नळ उघड, मग वरचेही उघड म्हणजे हवा शिरून पाईपमधलं उरलेलं पाणी खाली उतरेल. नाहीतर व्हॉल्व बंद करूनही अर्धा तास छत गळत राहतं आणि आपल्याला वाटतं की बंदच झालं नाही. पाण्याचा हीटर अटिकमध्ये (माळ्यावर) असेल, गॅसचा असला तर त्याची खुंटी पायलटवर (नुसती छोटी ज्योत राहते तिथे) आण, विजेचा असला तर ब्रेकर पाड.

काल रात्री नळ थेंब थेंब सोडले होते का? लोकांना वाटतं वाहतं पाणी गोठत नाही म्हणून सोडायचे. खरं कारण वेगळं आहे, बर्फ साधारण ९ टक्के फुगतो आणि तो बर्फ आणि बंद नळ ह्यांच्या मध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढून पाईप फाटतो. नळ थोडा उघडा असला तर त्या दाबाला वाट मिळते. आणि फाटल्याचं गोठलेलं असताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी ऊन पडून वितळलं की कळतं. आज १० वाजता ३४ डिग्री फॅरनहाइट झालं (३२ ला बर्फ वितळतो) आणि तुझं पाणी सुरू झालं, बरोबर?

चावी मी मागच्या वर्षी कॅरलटनला दिली होती.

वैशालीताई (मॅकिनी), ११:०१

काका ते सगळं बरोबर पण लांबलचक!! स्नेहल एकच सांग, छत फुगलंय का? पोटासारखं खाली आलंय का कुठे? आलं असेल तर त्याच्याखाली उभी राहू नकोस. पॅसेजच्या दिव्याचा ब्रेकर पाड, मग बादली ठेव, बाजूला उभं राहून स्क्रू ड्रायव्हरने फुगवट्याच्या सगळ्यात खालच्या जागी भोक पाड. २०२१ ला आम्ही नाही पाडलं, आशेवर बसलो, दुपारी दोन वाजता अख्खं शीटरॉक (छताचा जिप्समचा पत्रा) इन्सुलेशनसकट खाली, डायनिंग टेबलवर. टेबलावर भोगीच्या भाजीपासून राहिलेला तिळाचा डबा होता तोही गेला.

विद्याकाकू (प्लेनो), ११:०६

अगं वैशाली छताला भोक? चांगल्या घराला? प्लंबर येईल ना तीनला. आपणहून कशाला मोडायचं.

वैशालीताई, ११:०८

काकू छत तर जाणारच आहे. भोक पाडलं तर दोन फुटांचा तुकडा बदलावा लागतो, नाही पाडलं तर अख्खी खोली. एक गॅलन पाणी म्हणजे ८ पाउंडांच्या वर, फुगवट्यात दहा गॅलन धरले तरी ८३ पाउंड डोक्यावर टांगलेत. तेवढ्या वजनाचा माणूस छतावर बसलाय असं समजा.

विद्याकाकू, ११:११

माणूस नाही गं, ८३ पाउंडाचं म्हणजे आमचा मोठा नातू. पण तो छतावर कशाला बसेल.

अमेय (फ्रिस्को), ११:१२

मी इन्शुरन्सच्या क्लेम्समध्ये काम करतो म्हणून लिहितो. भोक पाडा, पण आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, भोक पाडतानाचाही. ऍडजस्टर (नुकसान बघायला येणारा इन्शुरन्सचा माणूस) येईपर्यंत पाणी तसंच वाहू द्यायचं असतं हा गैरसमज आहे, उलट नुकसान वाढू न देणं ही घरमालकाची जबाबदारी पॉलिसीत लिहिलेली असते. फाटलेला पाईपचा तुकडा प्लंबरला फेकू देऊ नका, पिशवीत घालून ठेवा. भिजलेल्या कार्पेटचा एक तुकडासुद्धा. अचानक फुटलेला पाईप सहसा कव्हर होतो, महिनोन्‌महिने झिरपणारा नाही, त्यामुळे पुरावा लागतो. प्लंबरला दिलेली पावती, शॉप व्हॅक (पाणी ओढणारा व्हॅक्यूम) भाड्याने आणलात तर त्याची पावती, सगळं.

स्नेहल मी दहा मिनिटांवर आहे पण मीटिंग १२ ला संपते. तेव्हा येऊ का?

प्रसाद, ११:१५

एक मिनिट. काका म्हणतायत तो मीटरचा व्हॉल्व सिटीचा असतो. आमच्या सिटीच्या नियमात स्पष्ट आहे की मालकाने त्याला हात लावायचा नाही, मोडला तर खर्च आपल्यावर. पाण्याच्या बिलावर २४ तासांचा इमर्जन्सी नंबर असतो त्यावर फोन केला की माणूस येऊन बंद करून जातो. मंडळाच्या लिस्टवर असले सल्ले देताना जरा विचार करावा, उद्या कोणी मोडलं तर मंडळाचं नाव.

दिलीपकाका, ११:२१

प्रसाद, तो माणूस आज कधी येईल? आज अख्ख्या काउंटीत पाईप फुटलेत. इथे १९८९ पासून राहतोय, सिटीला फोन करायचाच, पण फोनवर होल्ड करून छत कोसळताना बघत बसायचं हे कुठल्या नियमात आहे? अर्धा मिनिट हलक्या हाताने पाना लावला तर काही मोडत नाही. आणि म्हणूनच मी चावीचा आग्रह धरला होता, चावीने नीट पकड बसते, पाना घसरतो. त्या वेळी मीटिंगमध्ये कोण म्हणालं होतं की मंडळ हे हार्डवेअरचं दुकान नाही ते सगळ्यांना आठवत असेल.

प्रसाद, ११:२३

मीच म्हणालो होतो आणि अजूनही म्हणतो.

विद्याकाकू, ११:२६

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात पाईप गळायला लागला की आमचे आजोबा सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून करकचून गुंडाळायचे आणि वरून सुतळी. सहा सहा महिने टिकायचं. प्लंबर आला तर ताग आणि सफेदा लावून आटे बसवायचा, त्याला टेपबिप लागत नसे. स्नेहल, गॅरेजमध्ये मुलांच्या सायकली असतील ना? आणि आम्ही येताना एम-सील आणतो दर वेळी, माझ्याकडे चार पुड्या आहेत, कोणाला हव्या तर न्या.

दिलीपकाका, ११:३३

विद्याताई, ट्यूब वाड्यात चालायची कारण वाड्यात दाब कुठे होता. गच्चीवरची टाकी नळापेक्षा २० फूट उंच धरली तरी दाब ९ पीएसआयच्या (चौरस इंचाला ९ पाउंडांच्या) आतच. इथे लाईनला ६० असतात. ट्यूब चालेल, पण मेन बंद केल्यावर उरलेल्या थेंबांसाठी, किंवा बारीक भोक असेल तर रबराचा तुकडा ठेवून त्यावर होज क्लॅम्प आवळायचा, तेवढी रात्र निघते. उभा चिरलेला तांब्याचा पाईप असेल तर काहीही गुंडाळा, उपयोग नाही. पुटी कुठलीही असो, कोरड्या पाईपवरच धरते, पाणी वाहत असताना नाही.

नीलेश (कॅरलटन), ११:३५

वाचतोय आत्ताच. काका चावी मला दिली होती हे खरं, पण मी ती गणपतीच्या आधी परत केली. स्टोरेजच्या दारात, मांडवाच्या सामानाबरोबर ठेवली. मंजिरीताईंना मेसेज केला होता.

मंजिरी, ११:३८

मला असा कुठलाही मेसेज आलेला नाही. आणि दारात ठेवणे म्हणजे परत करणे नव्हे. स्टोरेजच्या किल्ल्या दोघांकडेच असतात, वस्तू आत-बाहेर होताना वहीत नोंद करायची असं कार्यकारिणीत ठरलेलं आहे.

स्नेहल, ११:५२

बंद झालं!!! सगळ्यांना थँक यू, पण आधी झालं काय ते सांगते. मीटरच्या डब्यात खरंच चिखल होता, पाना पोचत नव्हता, माझी नखं गेली. तेवढ्यात शेजारचे आजोबा (तेच, हॅलोविनला पोरांना अख्खा चॉकलेट बार देणारे) बाहेर आले, काही बोलले नाहीत, गॅरेजमध्ये गेले आणि चावी घेऊन आले. त्यांच्याकडे दोन आहेत. पाव फेरा, बंद. मग त्यांनी मला हीटर पायलटवर आणायला लावला.

छत फुगलेलं होतं. वैशालीताई मी भोक पाडलं, आधी ब्रेकर, मग व्हिडिओ, मग भोक. मला वाटलं होतं थोडं पाणी येईल, बादली भरली, दुसरी भरली, तिसरीला पिंप लावलं, गुलाबी कापसासारखं काहीतरीही आलं. पण छत तिथेच आहे. कार्पेट मात्र चिंब. अमेय ये रे, शॉप व्हॅक असेल तर घेऊन ये, नसेल तर नुसता ये.

काका, हॉलचे नळ सोडले होते थेंब थेंब, वरच्या गेस्ट बाथरूमचा विसरला. तिथलाच पाईप असावा, बाहेरच्या भिंतीत आहे.

अमेय, ११:५५

निघतोय. मीटिंग गेली खड्ड्यात. व्हॅक आणि दोन पंखे आणतो. कार्पेट उचलून खालचा फोम आजच काढायचा, एक-दोन दिवस ओला राहिला की बुरशी धरते.

विद्याकाकू, १२:०१

शाब्बास गं पोरी. जेवलीस का? पिठलं आणि भाकरी आहे, कोणी त्या बाजूला जात असेल तर मी डबा भरून ठेवते. तुझ्याकडे पाणी नाही ना आता, टॉयलेटला बादलीने दीडेक गॅलन एकदम ओतायचं, थोडं थोडं ओतलं तर जात नाही. २०२१ ला आम्ही अंगणातला बर्फ पातेल्यात वितळवून हे केलंय, पातेलंभर बर्फाचं तळाशी चार बोटं पाणी व्हायचं.

प्रसाद, १२:०४

छान झालं स्नेहल. नोंदीसाठी, व्हॉल्व शेजाऱ्यांनी फिरवला, मंडळाने नाही.

दिलीपकाका, १२:१०

प्लंबरला गेट व्हॉल्व आजच बदलायला सांग, चाकाच्या जागी दांडीवाला बॉल व्हॉल्व घाल. पाव फेऱ्यात बंद होतो आणि लांबून बघितलं तरी चालू की बंद कळतं. आला तसा त्याच खेपेत होऊन जाईल, पाणी तसंही बंदच आहे. आणि त्याच्या गाडीवर लायसन्सचा नंबर लिहिलेला आहे ना बघ, टेक्ससमध्ये लिहावा लागतो, फ्रीझनंतर दारोदार फिरणारे बरेच उगवतात.

मंजिरी, चावीचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

स्नेहल, संध्याकाळी ६:३७

अपडेट. प्लंबर पावणेपाचला आला. तांब्याचा पाईप, माझ्या बोटाएवढी उभी चीर. तेवढा भाग कापून पेक्स (प्लॅस्टिकचा लवचिक पाईप) घातला, बॉल व्हॉल्वही बसवला. तुकडा झिपलॉकमध्ये ठेवलाय. अमेयने फोम काढला, पंखे लावलेत, घरात विमानात बसल्यासारखा आवाज आहे. ह्यांचा आत्ता फोन आला, तिकडे सकाळ झाली, विचारतायत काय विशेष.

काकू भाकरी पोचली.

नीलेश, रात्री ८:१५

मी जुने फोटो बघत होतो. मंजिरीताई, मखराच्या मागच्या पडद्याला दांडे चारच होते, मीच आणले होते दुकानातून. गणपतीच्या फोटोत डावीकडचा पडदा नीट बघा, दांड्याला वर टीसारखं आडवं आहे आणि खाली खाच. त्याला झेंडूची माळ बांधली आहे.

वैशालीताई, ८:१९

हाहाहा फोटो बघितला!!! ती चावीच आहे!!!

मंजिरी, ८:४४

यादी दुरुस्त केली आहे. पडद्याचे दांडे ४, पाण्याची चावी १. ती स्टोरेजमध्येच राहील, ज्यांना हवी असेल त्यांनी वहीत नोंद करून न्यावी. पडद्यासाठी पाचवा दांडा लागणार आहे, त्याचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा ते प्रसादने कळवावे.