मदत हवी आहे: बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर बँकेचं काम करू द्यावं का?
नमस्कार मंडळी. बाबांचा लॅपटॉप विंडोज ७ वर आहे. त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. २०२३ पासून नवी नाही, म्हणजे नंतर सापडलेली सुरक्षेतली भोकं उघडीच. तरी वीजबिल, एफडी सगळं त्यावरच. "अगं, वर पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसतंय ना!" म्हणतात. कुलूप म्हणजे फक्त मधल्या वाटेत कुणी डोकावू शकत नाही, पलीकडची साइट चोराची असली तरी ते दिसतंच, हे त्यांना पटत नाही. परवा कोपऱ्यात 'व्हायरस सापडला' अशी लाल चौकट आली. तिच्यातल्या नंबरवर फोन लावणारच होते, आईने हात धरला. कुठल्याशा साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली होती, त्यातूनच ती चौकट आली; परवानगी काढली. पण पासवर्ड सगळे ब्राउझरमध्येच सेव्ह आहेत. माझ्या फोनवरून ते आजच बदलू का? रॅम २ जीबी. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून निभेल की नवीनच घ्यावा?