दिव्यांग मुलांच्या अल्पकालीन निवासी केंद्रासाठी इमारत व नोंदणी : मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नागपूरच्या मानेवाडा भागातली पाच कुटुंबे आहोत आणि प्रत्येकाच्या घरी सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेले मूल आहे. घरात कुणाचे ऑपरेशन निघाले, किंवा मुलाला उचलून उचलून आईची कंबर धरली, तर त्या मुलाला दोन-चार दिवस विश्वासाने ठेवावे अशी जागा आम्हाला मिळाली नाही. म्हणून एका घराच्या तळमजल्यावर आठ मुलांपुरते विसावा केंद्र आपणच सुरू करावे असे आम्ही ठरवले आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 50 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येत नाही, हे आम्ही वाचले आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी अशा दिव्यांग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाकडे पालकांच्या संघटनेलाही नोंदणी करता येते, त्यामुळे तो अर्जही करणार आहोत. अडचण बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 41 ची आहे. ती नोंदणी काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या संस्थांसाठी आहे. आमची मुले मात्र आईवडिलांच्या संमतीने येऊन चार दिवसांनी घरी परतणार. तरीही एका कार्यालयात ती लागेल असे सांगितले गेले आणि दुसऱ्या कार्यालयात लागणार नाही असे. दोन्ही उत्तरे तोंडी होती.

घराचा प्रश्न याहून अवघड आहे. भूखंड गुंठेवारी (शेतजमिनीचे विनापरवानगी पाडलेले छोटे भूखंड) लेआउटमधला असून नियमित झालेला आहे, पण नकाशा राहत्या घराचा मंजूर आहे. जोते अडीच फूट उंच आहे. रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे त्याची लांबी किमान तीस फूट होते आणि समोर मोकळी जागा जेमतेम दहा फूट आहे. रॅम्प वळवून बाजूच्या मोकळ्या जागेतून नेला तर महानगरपालिका मान्य करते का? शिवाय चालता न येणारी आठ मुले रात्री आत झोपणार असल्यामुळे बाहेर पडण्याचे दुसरे दारही मुख्य दाराएवढेच रुंद हवे, मग नियम काही म्हणोत, असे माझे स्पष्ट मत आहे. अग्निशमन विभागाकडे जाण्याआधी वापर बदलाची परवानगी घ्यावी लागते का?

विदर्भात असे केंद्र किंवा दिव्यांग मुलांचे वसतिगृह ज्यांनी उभे केले आहे, त्यांनी कोणता अर्ज कोणत्या क्रमाने केला ते कृपया सविस्तर लिहावे. घरमालक भाडेकरारासाठी महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत.