आहे, असणार, असावी, असेल : लांबच्या शिकारी पाखराच्या फोटोखाली नेमकं काय लिहायचं?

कोल्हापूर भागात पक्षी बघणाऱ्या सगळ्यांना एक विचारायचंय. लांबच्या शिकारी पक्ष्याचा फोटो असतो, आभाळ पांढरंफट्ट, मधे एक काळा आकार, झूम केलं की नुसत्या चौकटी. त्याखाली एकजण लिहितो "घार आहे", दुसरा "घार असणार", तिसरा "घार असावी", चौथा "घार असेल", आणि पेठेतलं कुणीतरी "घारच हाय की ती". फोटो एकच, पुरावा तेवढाच, मग ह्या सगळ्यांना एकच म्हणायचंय का वेगवेगळं? मी नव्या मुलामुलींना नोंदी लिहायला शिकवते त्यामुळं मला हे नीट ठरवायचंय, कारण आज फोटोखाली लिहिलेला शब्द उद्या कुणीतरी उचलून राधानगरीच्या यादीत टाकतं आणि मग तो तिथनं निघत नाही.

प्रतिसाद १

ताई, फरक आहे आणि चांगला मोठा आहे. "आहे" म्हणजे खूण दिसली, विषय संपला. "असणार" म्हणताना खूण फोटोत नसते, सांगणाऱ्याच्या अनुभवात असते, म्हणजे शहरावर रोज घारीच फिरतात म्हणून ही पण घारच असणार. खोटं नाही ते, पण फोटोनं सांगितलेलं नाही. "असावी" मात्र समोरच्या कशावर तरी टेकलेलं असतं, शेपटीला मधे खाच दिसतेय म्हणून घार असावी. "असेल" हा नुसता अंदाज, आपल्याकडं "असंल की" म्हणतात तसा. आणि "असू शकेल" म्हणजे नाकारता येत नाही, एवढंच. माझ्या मते "असावी" लिहिलं की पुढं "कारण" आलंच पाहिजे, नाहीतर ते "असेल"च आहे, फक्त इस्त्री केलेलं.

प्रतिसाद २

कारणावर आलाच आहात तर फोटोत काय टिकतं आणि काय जातं ते आधी बघा. रंग सगळ्यात आधी जातो. पांढऱ्या आभाळासमोर कॅमेरा ऑटोवर असला की तो आभाळाच्या उजेडावर एक्स्पोजर ठरवतो आणि पक्षी काळाठिक्कर पडतो, म्हणून "काळा दिसतोय म्हणजे काळा गरुड" हे कारणच होत नाही, एक-दीड स्टॉप (उजेडाचं माप) वाढवून काढला असता तर कदाचित पोट फिक्कट निघालं असतं. त्यात व्हॉट्सॲपवरनं आलेला फोटो दाबून लहान झालेला, आणि मोबाईल स्वतःहून कडा धारदार करतो त्यात नसलेले पट्टे पण उमटतात, शेपटीवरचे पट्टे मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

मग आकारमान. मोकळ्या आभाळात मोजायला शेजारी काहीच नसतं. शिक्रा साधारण पारव्याएवढा, घार लांबीला जवळजवळ त्याच्या दुप्पट, पण फोटोत दोन्ही सारखेच. तेव्हा "मोठा आहे म्हणून गरुड" हे पण बाद.

टिकते ती ठेवण. शेपटी केवढी, पंखांची टोकं कशी, पंख कसे धरलेत. ससाण्याचे पंख टोकदार, घार आणि गरुडांच्या टोकाची पिसं फाकलेल्या बोटांसारखी सुटी. सर्पगरुड तरंगताना पंख थोडे वर उचलून व्ही करतो, मोहोळघार सपाट धरते आणि तिचं डोकं बारीक, मान पुढं आलेली. सर्पगरुडाच्या पंखाखालचा रुंद पांढरा पट्टा बऱ्याच वाईट फोटोत पण राहतो, तो दिसला की मी सरळ "आहे" लिहितो.

प्रतिसाद ३

खाचेबद्दल जरा सांभाळून. घारीनं वळताना शेपटी पसरली की खाच जाते आणि शेपटी सरळ कापल्यासारखी दिसते, पिसं गळायच्या दिवसात तर काय वाट्टेल तो आकार होतो. म्हणजे खाच दिसली तर घार म्हणा, पण नाही दिसली म्हणून "घार नाही" म्हणू नका. एकाच फोटोवर भांडण्यापेक्षा मागचे पुढचे पाच-सहा फोटो मागा, धूसर असले तरी चालतील, वळतानाचा एखादा जास्त सांगून जातो.

अजून एक, लोकं "हवेत थांबला होता" लिहितात. म्हणजे काय? घिरट्या घालत होता, वाऱ्यावर पंख न हलवता टेकला होता, का एकाच जागी पंख मारत खाली बघत होता? तिन्ही वेगळं आहे. एका जागी पंख मारत राहणारे आपल्याकडं मोजकेच, कापशी (काळ्या पंखांची छोटी घार), खरुची (केस्ट्रेल) आणि सापमार गरुड (हा सर्पगरुडाहून वेगळा) हे त्यातले नेहमीचे. एवढं नीट लिहिलं तरी अर्धी यादी गळते, फोटो कसला का असेना.

प्रतिसाद ४

कुणी बोललं नाही म्हणून सांगतो, मराठीत क्रियापदच आधी ओळख ठरवून टाकतं. "उडतेय" लिहिलं की वाचणारा घार, कापशी, खरुचीकडं गेला, "उडतोय" म्हटलं की गरुड, शिक्रा, ससाणा, भोवत्या (हॅरिअर). पक्ष्याच्या नर-मादीशी याचा काही संबंध नाही, उलट बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादीच मोठी असते. म्हणून मी ओळख पटेपर्यंत "पाखरू उडतंय" असंच लिहितो. आपल्या खेड्यापाड्यात म्हातारी माणसं घारीला पण पाखरूच म्हणतात.

धागाकर्ती

दादा, हे फार आवडलं. पण पुण्याकडच्या एका मैत्रिणीला "पाखरू" म्हटलं की चिमणीएवढं काहीतरी वाटतं. "शिकारी पाखरू" लिहिलं तर चालेल ना? आणि "ससाणा"चं काय करायचं, आमच्याकडं शिक्र्याला पण ससाणा आणि बहिरीला पण ससाणाच म्हणतात.

प्रतिसाद १

शिकारी पाखरू झकास. नुसतं "ससाणा" मात्र नोंदीत नको, बोलताना चालू दे. "गरुड"चं पण तेच, फोटोखाली नुसतं गरुड लिहिलं तर त्यातनं जास्तीत जास्त "बरंच मोठं वाटलं" एवढंच कळतं, आणि मोठेपणा फोटोत कळत नाही हे वर आलंच आहे. अर्धवट ओळखीला कुणी कमी समजू नये. ईबर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) पण "शिकारी पक्षी, प्रजाती ठरली नाही" अशा अर्थाची नोंद करायची सोय आहे. हिवाळ्यात माळावर येणाऱ्या भोवत्यांच्या माद्या आणि पिल्लं चांगल्या फोटोत पण घोळ घालतात, तिथं "पॅलिड किंवा माँटेग्यू" (भोवत्यांच्याच दोन जाती) एवढ्यावर थांबलेली नोंद पूर्णच समजायची.

धागाकर्ती

मग मुलांना असं लिहायला सांगते, बघा जमतंय का : "शिकारी पाखरू, मसाई पठार, जानेवारी, दुपार, लांबून. जमिनीलगत फिरत होतं, पंख व्ही, शेपटी लांब. भोवत्या आहे. पॅलिड किंवा माँटेग्यू असावा, कारण अंगानं सडपातळ. मूळ फोटो ठेवलेत."

प्रतिसाद २

सडपातळ हे कारण कच्चं आहे, ते बघणाऱ्यागणिक बदलतं. शेपटीच्या बुडाशी वरनं पांढरा पट्टा दिसला का ते लिहायला सांगा. तो नसेल दिसला तर दलदलीवरचा भोवत्या, म्हणजे मार्श हॅरिअर, अजून बाद झालेला नाही, आणि मग "असावा"च्या जागी "असू शकेल" करा.