एमएस्सी ऑरगॅनिक झाले, पण हाताला सराव नाही. अप्रेंटिसशिप घेऊ की कोर्स करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच लिहितेय. केमिकल किंवा फार्मा कंपनीत क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) असलेल्यांनी कृपया वेळ काढून वाचा. 10 तारखेच्या आत मला एका ठिकाणी हो किंवा नाही कळवायचं आहे.

मी चिपळूणची. 2022 ला बीएस्सी केमिस्ट्री, 2024 ला एमएस्सी ऑरगॅनिक, 71 टक्के. तेव्हापासून नोकरी शोधतेय. लोटे, महाड, तळोजा, अंबरनाथ मिळून 14 इंटरव्ह्यू झाले. मुंबईकडे वॉक-इन असला की आदल्या दिवशी दिवा पॅसेंजर पकडायची, रात्री बदलापूरला मावशीकडे राहायचं आणि सकाळी आठला कंपनीच्या गेटवर रांगेत उभं राहायचं. बायोडाटा ठेवून घेतात, "कळवू" म्हणतात. दोन ठिकाणी तर गेटवरच सांगितलं की मुलींना फक्त जनरल शिफ्टला घेतो आणि त्या जागा भरल्या. जाहिरातीत फ्रेशर चालेल असं असतं, पण आत गेलं की पहिला प्रश्न एकच: एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) काम केलंय का?

माझं घोडं तिथेच अडतं. 2020-21 ला मी एसवायला (बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला) होते. सगळी प्रॅक्टिकल्स मोबाईलवर झाली. ऑरगॅनिक स्पॉटिंगचा व्हिडिओ बघायचा आणि सरांनी पाठवलेली निरीक्षणं जर्नलमध्ये उतरवायची. सरांचा दोष नाही, तेही घरातच अडकले होते. एमएस्सीला प्रत्यक्ष लॅब मिळाली, पण डिपार्टमेंटला एचपीएलसी एकच. लॅब असिस्टंट दादा रन लावायचे, आम्ही भोवती उभं राहून स्क्रीनवरचे पीक (आलेखातले उंचवटे) बघायचो. दोन वर्षांत सिरिंज माझ्या हातात एकदाच आली.

अंबरनाथला एका सरांनी विचारलं, "बफर वापरल्यावर कॉलम कसा धुशील?" (बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण, कॉलम म्हणजे एचपीएलसीतली नळी, जिच्यात घटक वेगळे होतात.) मी म्हटलं, मिथेनॉलने. ते रागावले नाहीत, शांतपणे म्हणाले, "थेट मिथेनॉल सोडलंस तर बफरचे क्षार आतच बसतील आणि कॉलम चोक होईल. आधी पाणी जास्त असलेलं मिश्रण सोडायचं, क्षार निघून गेले की मग मिथेनॉल." सी-18 कॉलमवर कोणता घटक आधी बाहेर येईल आणि का, हे मी फळ्यावर उभं राहून समजावू शकते. पण हे धुण्याचं मला कुणी करून दाखवलं नव्हतं. परतीच्या गाडीत खूप रडू आलं. ते सर बरोबरच होते.

आता मुद्द्यावर येते. दौंडजवळच्या कुरकुंभच्या एका कंपनीत क्यूसीला एक वर्षाची अप्रेंटिसशिप मिळतेय, 12,000 रुपये स्टायपेंड. खोली आणि खानावळ धरून हातात फारसं काही राहणार नाही. इकडे लोट्यात ठेकेदाराकडून प्रॉडक्शनला 11,500 मिळतात, शिवाय घरून जाता येतं. आणि ठाण्यात तीन महिन्यांचा कोर्स आहे, फी 40,000, "100 टक्के प्लेसमेंट". त्यांना मी विचारलं की रोज प्रत्येकाला इन्स्ट्रुमेंट किती वेळ मिळेल, तर आधी पैसे भरा, मग बॅच सांगतो म्हणाले. (याआधी एका कन्सल्टन्सीने रजिस्ट्रेशनचे 5,000 घेतले आणि नंतर फोनच उचलला नाही. नवीन मुलांनी कृपया असे पैसे भरू नका.)

बाबा कोर्सचे पैसे देतो म्हणतात. पण 22 जुलै 2021 च्या पुरात बाजारपेठेतलं आमचं दुकान पाण्याखाली गेलं, त्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. मला ते पैसे घ्यायचे नाहीत. आई बीएड कर म्हणते, म्हणजे आणखी दोन वर्षं. शिकवायला मला आवडेलही, पण आत्ता घरात पैसे येणं गरजेचं आहे.

माझा कल अप्रेंटिसशिपकडे आहे. भीती एकच: वर्षभर सॅम्पल आणणं, काचेची भांडी धुणं आणि रजिस्टर भरणं यातच गेलं तर? पंचविशीत मी पुन्हा फ्रेशरच राहीन. क्यूसीला अप्रेंटिस म्हणून लागलेल्यांना इन्स्ट्रुमेंटला किती महिन्यांनी हात लावायला मिळाला, खरं खरं सांगा.

---

रविवारची भर: इतक्या आपुलकीने लिहिलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. तीन जणांनी एकच सांगितलं की अप्रेंटिसशिप कायद्याखाली नोंदलेली आहे का ते आधी बघ. काल एचआरना फोन केला. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे करार होणार आहे आणि वर्ष संपल्यावर सरकारी प्रमाणपत्र मिळेल. 2019 च्या नियमांत पदवीधराला किमान 9,000 ठरले होते, त्यापेक्षा हे जास्तच देतायत. पुढे कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं, हे त्यांनी स्वतःहून स्पष्ट सांगितलं. ते मला आवडलं.

एका ताईंनी सुचवल्याप्रमाणे हेही विचारलं की पहिले सहा महिने कुठे ठेवणार. तीन महिने वेट लॅब, म्हणजे टायट्रेशन, पीएच, एलओडी (सुकवल्यावर वजन किती घटतं ते बघणं) वगैरे, आणि मग इन्स्ट्रुमेंट. हे ईमेलवर लिहून द्याल का विचारलं, तर सोमवारी पाठवतो म्हणाले. ईमेल आला की होकार कळवणार आहे.

आता दौंडकडच्या लोकांना विचारते: एकट्या मुलीने खोली दौंडला घ्यावी की कुरकुंभलाच? सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते, त्या वेळी कंपनीच्या बसशिवाय दुसरं काही मिळतं का? आणि 3,000 च्या आत मुलींसाठी एखादं चांगलं ठिकाण माहीत असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा.