जांभळी नाक्यावरची पाच पायांची गाय

माहेर_मुरबाड: परवा इथे एकाने ठाण्यात जांभळी नाक्यावर फिरवतात त्या पाच पायांच्या गाईचा फोटो टाकला. "साक्षात कामधेनू, पाचवा पाय कपाळाला लावा, अडलेली कामं होतात." खाली नुसते जोडलेले हात. मला राहवलं नाही.

मी नववीत असताना आमची ढवळी विताना अडली. बाबांनी हात घातला तर पुढचे तीन पाय हाताला लागले. जुळं असेल वाटलं. डॉक्टरांनी दोर लावून ओढून काढलं, एकच कालवड. वशिंडाच्या बाजूला लोंबता पाय, खूर पुरता, पण हलवता येत नव्हता. धावायला गेली की तो कानावर आपटायचा. बुडाशी घाण साचून चिघळलं, आठवड्यात अळ्या पडल्या. एक्स-रेत तो कण्याला चिकटलेला नव्हता, नुसती कातडी आणि थोडं मांस. जागा बधिर करून तासाभरात काढला. पुढे तिने आमच्या गोठ्यात दोन वेतं दिली. आता सांगा, त्या पायाला कुंकू लावायचं होतं की औषध?

कोपरीचा_दादा: ताई, तुमच्या दारात डॉक्टर आला. सगळ्यांच्या येतो का? असलं वासरू गोऱ्हा निघालं तर शेतकरी ते ठेवत नाही. 2015 पासून बैलही कापायला बंदी, विकणार कोणाला? रस्त्यावर सोडतात. नाक्यावर गाय फिरवणारा निदान चारा घालतो. माझी आजी अशा गाईला दर सोमवारी भाकरी द्यायची, तिला वेडी ठरवू नका.

गोठा_भिवंडी: मूळ दुखणं कोणी बोलत नाही. हे सगळं वळू न लावता इंजेक्शनने गाई भरवायला, म्हणजे गाभण करायला लागल्यापासून. एकाच वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या तालुकाभर. आमच्या वडिलांच्या वेळी असलं काही नव्हतं.

परळ_माजी: नव्हतं की दिसल्यावर त्याच दिवशी पुरत होते? पुष्कळदा गर्भ अगदी सुरुवातीला जुळ्यासारखा दुभंगायला लागतो आणि अर्धवटच राहतो. त्यातून जादा पाय येतो, कधी दोन तोंडं. भरवण्याचा त्यात दोष नाही. अँगस या परदेशी जातीच्या गाईंत मात्र एनएचएलआरसी2 जनुकातला दोष सापडलाय. तो आई आणि बाप दोघांकडून आला तरच वासरात दिसतो, म्हणून तिथे वळू तपासतात. तुमचा देवाला सोडलेला वळू स्वतःच्या मुलीवर चढतो, ते चालतं?

गोठा_भिवंडी: वळूवर जाऊ नका. तीन वर्षं विचारतोय, कांडी कोणत्या वळूची? भरवणारा पावती देत नाही, घाईत असतो. तुम्ही परळच्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकलात, आम्ही चौदा म्हशींचं शेण काढतो.

परळ_माजी: पावतीचं खरं आहे. वळूचा नंबर मिळालाच पाहिजे, त्याशिवाय नात्यातलं मीलन टाळता येत नाही. एवढ्यापुरतं तुमच्या बाजूने.

कळवा_काकू: गाभण जनावर ग्रहणात बाहेर बांधलं तरी होतं हे. आमच्याकडे पाहिलंय.

परळ_माजी: काकू, चारा बघा, आभाळ नको. अमेरिकेत आयडाहोमध्ये मेंढ्यांना एका डोळ्याची कोकरं व्हायची. गाभण राहिल्यावर चौदाव्या दिवशी खाल्लेली एक रानवनस्पती कारण निघाली. दिवस चुकवून चरायला नेलं की थांबलं.

कळवा_काकू: बरं. तरी मी ग्रहणात बाहेर बांधणार नाही, त्याने कोणाचं बिघडत नाही.

माहेर_मुरबाड: वळूंवरून परत नाक्यावर या! प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या 1960 च्या कायद्यात जखमी जनावराला कामाला लावणं गुन्हा आहे. दिवसभर उन्हात उभं करणं हे कामच. दादा, उद्या जाऊन झूल उचलून पाहा, मग बोलू.

कोपरीचा_दादा: आज गेलो. आधी गाईवाला झूल उचलू देईना. पन्नास रुपये दिल्यावर उचलली. पायाच्या बुडाशी ओलं होतं, वर हळद थापलेली, वास येत होता. गाय माझा हात लागताच अंग चोरत होती. तो म्हणाला, घरी चार तोंडं आहेत, पाय कापला तर खायचं काय. मला उत्तर देता आलं नाही. पाया पडलोच, ते सोडणार नाही. पण पाय कपाळाला लावला नाही.

माहेर_मुरबाड: झूल मखमली होती का? वारा लागत नाही खाली. उद्या एक सुती घेऊन जा, पैसे मी देते. आणि परळवाले, तुम्ही सोबत जा. काढता येण्यासारखा आहे का, एकदा बघा तरी.

परळ_माजी: कण्याला लागून असेल तर हात लावणार नाही, आधीच सांगतो. सकाळी आठला नाक्यावर.