न्यूझीलंडमधलं कोरोनाचं एक वर्ष : तुमच्या घरात काय घडलं?

इथल्या पहिल्या लॉकडाऊनला २५ मार्च २०२१ ला वर्ष होतंय. सुमारे ५० लाख वस्तीच्या या देशात वर्षभरात कोरोनाने २६ माणसं गेली. भारतातले नातेवाईक म्हणतात, 'तुमचं बरंय, बेट आहे, माणसं कमी.' ते खरंच आहे, पण तेवढंच नाही. इथे राहिलेल्यांनी लिहावं, इथे परतू न शकलेल्यांनीही लिहावं. सुरुवात मी करते, वेलिंग्टनहून; पुढे बाकीच्यांनी आपापल्या गावाच्या नावाखाली लिहिलंय.

वेलिंग्टन
त्या संध्याकाळी साडेसहाला घरातले सगळे फोन एकदम केकाटले. सरकारचा संदेश होता : आज रात्री जिथे असाल तिथेच यापुढे राहायचं, आणि आपल्याला कोरोना झालाय असं समजून वागायचं. सासूबाई तेव्हा सांगलीहून आलेल्या. मी अर्थ सांगितला तर म्हणाल्या, 'म्हणजे कांजिण्या आलेल्या पोरासारखं घरात बसायचं.' यापेक्षा सोपं कुणी सांगितलं नसतं.

रोज दुपारी एकला पंतप्रधान जसिंडा आर्डर्न आणि आरोग्य महासंचालक डॉ. अ‍ॅश्ली ब्लूमफील्ड टीव्हीवर यायचे. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, तरी एकच्या आत कुकर उतरवून त्या समोर बसायच्या. आकडा आला की मला विचारायच्या, 'कालच्यापेक्षा कमी ना गं?' निर्बंधांच्या चार पातळ्यांचा (लेव्हल चार सगळ्यात कडक) तक्ता लॉकडाऊनआधीच जाहीर झाला होता. 'लेव्हल तीन' म्हटलं की काय उघडणार नि काय नाही, हे माझ्या तिसरीतल्या मुलालाही पाठ होतं. आमची निम्मी भीती त्या तक्त्यानेच गेली.

ऑकलंड
माझं छोटं रेस्टॉरंट आहे. लेव्हल चारला पार्सलसुद्धा बंद. कामाला सहा माणसं, त्यांची घरं माझ्यावर. पगाराच्या सरकारी मदतीचा अर्ज ऑनलाइन होता : पूर्णवेळ माणसामागे आठवड्याला ५८५.८० डॉलर, १२ आठवड्यांचे एकदम. चार दिवसांत पैसे खात्यात आले. कोणत्या धंद्याने किती घेतले हे कुणालाही वेबसाइटवर बघता येत होतं, ते मला फार योग्य वाटलं. एकालाही कामावरून काढावं लागलं नाही.

ऑगस्ट मात्र जड गेला. १०२ दिवस देशात स्थानिक संसर्ग नव्हता, आणि ११ तारखेच्या रात्री बातमी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापासून फक्त ऑकलंडला लेव्हल तीन. पार्सल चालू होतं, पण आमचं पोट बसून जेवणाऱ्या गिऱ्हाइकावर. बाकी देश हॉटेलात जेवतोय आणि आपण खुर्च्या टेबलावर उलट्या घालून बसलोय, हे मनाला लागायचं. १७ ऑक्टोबरला, लांबलेल्या निवडणुकीत, रांगेत उभा राहिलो तेव्हा हे दोन्ही लॉकडाऊन डोक्यात होते.

क्राइस्टचर्च
खिडक्यांमधले टेडी! फिरायला निघालेल्या मुलांना शोधता यावेत म्हणून लोकांनी ते ठेवले होते. लेव्हल चारला फिरायला निघालं की लेक मोजायची. आमच्या खिडकीत टेडी नव्हता, म्हणून तिने गणपतीशेजारचा कापडी हत्ती ठेवला.

ड्युनेडिन
वृद्धाश्रमात काम करते. एप्रिलमध्ये आमच्या एक आजी गेल्या. कोरोनाने नव्हे, वयाने. लेव्हल चारला अंत्यसंस्काराला जमायची बंदी. लेक याच गावात राहणारी, तिला आईला कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवून निरोप देता आला नाही. मे महिन्यात लेव्हल दोन जाहीर झाली, दुकानं उघडणार होती, पण अंत्यसंस्काराला दहाच माणसं. लोक चिडले, इथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाने आवाज उठवला, आणि सरकारने ती संख्या ५० केली. चूक इतक्या लवकर सुधारणारं सरकार मी पहिल्यांदा पाहिलं. आजींच्या लेकीला त्याचा उपयोग नव्हता.

हॅमिल्टन
मी वर्क व्हिसावर आहे. बायको बाळंतपणाला नाशिकला गेली, मार्चच्या सुरुवातीला मुलगी झाली, आणि १९ तारखेच्या रात्री सीमा बंद. नागरिक आणि कायम रहिवासी येऊ शकत होते. आमच्यासारखे व्हिसावाले बाहेर होते ते बाहेरच. मी जाऊ शकतो, पण गेलो तर परत येता येणार नाही, आणि घर या पगारावर चालतं.

सीमा बंद केली म्हणून माणसं वाचली, हे मी मनापासून मानतो. मी स्वतः इथे निर्धास्त फिरतोय. तरी किती दिवस थांबायचं एवढं तरी कुणी सांगावं. दर वेळी अर्ज केला की एकच उत्तर येतं.

मुलगी वर्षाची झाली. तिने मला फक्त फोनमध्ये पाहिलंय. आता घरात कुणाचाही फोन दिसला की ती त्याच्याकडे बोट दाखवून 'बाबा' म्हणते.